अकराचा भोंगा

जोतीराम गिरणीचा भोंगा द्यायचा. बॉयलरच्या अंगाला लोखंडी जिना होता, त्याच्या सात पायऱ्या चढून गेलं की हातभर रुंदीची फळी. त्या फळीवर उभं राहून तो समोरच्या टाइम ऑफिसच्या खिडकीतलं घड्याळ बघायचा आणि काटा जागेवर आला की साखळीला लोंबायचा. वाफ सुटायची, आणि पाच-पाच कोसांवरच्या शिवारात खुरपणाऱ्या बाया पाठ सरळ करून म्हणायच्या, सुटली बघा गिरणी.

सोलापूर त्याच्या हातानं उठायचं आणि त्याच्या हातानं जेवायचं. चाळीतल्या बायका भोंग्यावर तवा टाकत, दुकानदार भोंग्यावर आपली घड्याळं लावून घेत. त्याच्या स्वतःच्या मनगटावर मात्र कधी घड्याळ आलं नाही. तेहेतीस वर्षांत भोंगा मिनिटभर इकडंतिकडं झाला नाही, एवढीच त्याच्या जन्माची कमाई, आणि ती तो कुणाला सांगत नसे. चालताना मान ताठ असायची, त्यातून काय कळायचं ते कळायचं.

त्याची लेक शालन भोंग्यावरच जन्मली.

ज्येष्ठातला मंगळवार होता. गोजरबाईला पहाटेपासून कळा येत होत्या आणि जोतीराम कामावर होता. अकराला जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि त्याच घडीला पोरीनं पहिलं रडू फोडलं. सुईण पुढं कितीतरी वर्षं सांगायची, भोंगा कुठला आणि पोर कुठली, मला वेगळं काढता येईना. लेक झाल्याची वर्दी जोतीरामनं आपल्या हातानं साऱ्या शहराला दिली, आणि त्याला स्वतःला ती अर्ध्या तासानं शेजारच्याकडून कळली. गोजरबाईनं मग जात्यावर ओवी बांधली :

भोंगा वाजला गिरणीचा, लेक जन्माला आली गं
बापानं दिली हाक, साऱ्या सोलापुरानं ऐकली गं

पाचव्या दिवशी जोतीराम महिपती जोश्यांकडं पत्रिका मांडायला गेला. जोशीबुवांकडं येणारी माणसं वेळ सांगायची ती अशी, की गुरं सुटायच्या वक्ताला, कोंबडं आरवून गेल्यावर, दिवस कासराभर वर आल्यावर. त्यांच्या कपाळाला त्यानं आठ्या पडायच्या. जोतीराम म्हणाला, "बुवा, वेळ पक्की लिवा. अकरा म्हंजी अकरा. माज्या हातची हाय."

जोशीबुवा खूश झाले. त्यांनी लिहिलं, शके अठराशे पासष्ट, ज्येष्ठ शुद्ध षष्ठी, मंगळवार, सकाळी अकरा, गिरणीच्या भोंग्यावर. मग त्यांनी लग्न काढलं, सिंह आलं. घरं मांडली, ग्रह एकेक ठेवत गेले, आणि मंगळाशी येऊन त्यांचा बोरू थांबला. मंगळ आठव्या घरात पडला होता. आठवं घर मरणाचं. पोरीला कडक मंगळ होता, म्हणजे जो करील तो जगायचा नाही. उपाय एकच, नवराही मंगळाचा बघायचा. मंगळाला मंगळ लागत नाही. वेळ मागंपुढं असती तर काही बघता आलं असतं, असं जोशीबुवा हळहळून म्हणाले. पण वेळ तर पक्की होती.

शालन वाढली, सातवी झाली, मास्तरकीच्या ट्रेनिंगला जाऊन आली आणि नगरपालिकेच्या शाळेत लागली. रंगानं सावळी, बांध्यानं उंच, बोलायला थोडकी. बघायला येणाऱ्यांना ती पसंत पडायची. पोहे खाऊन होत, नाव-गाव विचारून होई, आणि मग कुणीतरी खाकरून पत्रिका मागे. अकलूजच्या साखर कारखान्यातला एक कारकून तर पत्रिका न बघताच हो म्हणाला होता. त्याच्या चुलत्यानं ती बघितली आणि आठ दिवसांत पत्र आलं, योग नाही. मंगळाची म्हणून जी स्थळं येत ती निराळीच असत. एक पाय ओढणारा होता, एक दोन बायका केलेला होता, एक तर नुसता बसून हसायचा. जोतीराम त्यांना चहा पाजून वाटेला लावी. लेकीला मंगळ होता, म्हणून ती काही उकिरड्यावर टाकायची नव्हती.

गोजरबाईच्या जात्याची ओवी तोवर पालटली होती :

सोयरे येती जाती, पाट ऱ्हातो मांडलेला
आठव्या घरात बाई, वैरी कोण हा दडलेला

बरोबरीच्या पोरी बाळंतपणाला येत आणि जात. त्यांच्या पोरी परकर नेसायला लागल्या. बहात्तरचा दुष्काळ पडला, त्या साली आजूबाजूला मांडवच पडले नाहीत, तर गोजरबाईला उगाच बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून मग वाईट वाटलं. त्र्याहत्तरात जोतीराम गिरणीतून निवृत्त झाला. शालन एकतीसाची होत आली.

आणि मग कुर्डुवाडीचं स्थळ आलं. मुलगा जालिंदर, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. वय अडतीस. पहिली बायको लग्नानंतर दीड वर्षात गेली होती. तिच्या माघारी कुणीतरी पत्रिका उघडून बघितली, तर पोराला आठवा मंगळ आणि बायको बिनमंगळाची निघाली. तेव्हापासून त्याची आई नागूबाई बारा वर्षं मंगळाचीच मुलगी शोधत होती.

जालिंदर पहिल्यांदा एकटाच आला, एका मित्राला घेऊन. बोलायला दोघांना ओसरीवर बसवलं. बराच वेळ तो बोटांच्या पेरांत रुतलेलं तेल नखानं काढत राहिला. मग म्हणाला, "तुमचा आठवा, माझाबी आठवा. म्हंजे शेजारीच की आपण."

शालन हसली. त्या घरात बघायला आलेल्या माणसासमोर ती पहिल्यांदाच हसली होती. आत चुलीपाशी गोजरबाईनं ते ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला.

वैशाखात सुपारी फोडायचं ठरलं. पण मे महिन्यात रेल्वेचा संप झाला, गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि जालिंदरही संपात होता. तीन आठवडे काही कळायला मार्ग नव्हता. शालन शाळेतून आली की पेपर मागून आणायची आणि संपाची बातमी खालपर्यंत वाचायची. तिला कधी कुणी पेपर वाचताना बघितलं नव्हतं. संप मिटला, जालिंदर कामावर परत घेतला गेला, आणि ज्येष्ठात एका रविवारी कुर्डुवाडीची मंडळी आली. नागूबाई, जालिंदर आणि त्याचा मामा ईश्वर. हा मामा रेल्वेत गार्ड होता, नुकताच निवृत्त झालेला. माणूस मोकळा होता, हसरा होता. आल्याआल्या त्यानं जोतीरामला विचारलं, तुम्ही भोंगेवाले ना, तुमच्या भोंग्यावर आमी स्टेशनचं घड्याळ बरोबर हाय का न्हाय ते बघायचो. जोतीराम लाजला. आयुष्यात त्याचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

पानसुपारीचं ताट आलं. नागूबाईनं शालनच्या हातात नारळ दिला, कपाळाला कुंकू लावलं. ज्योतिषाचं सगळं आधीच बघून झालं होतं, पण ताटात पत्रिका ठेवायची रीत म्हणून ती ठेवली होती. ईश्वरमामानं ती सहज उचलली. चष्मा लावून वाचायला लागला, आणि भोंग्यावर येऊन अडला.

"त्रेचाळीस सालचा भोंगा?" तो म्हणाला. "पाव्हणं, त्या वक्ताला तर घड्याळ एक तास फुडं हुतं की."

कुणाला काही कळलं नाही. मग तो हौसेनं सांगायला लागला, एखादी गंमत सांगावी तसं. लढाई चालू होती, सरकारनं सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढं ओढली होती. दिवे कमी जळावेत म्हणून की कशाला, साहेबालाच ठाऊक. हा रेल्वेत नवा लागला होता, बेचाळीसच्या गणपतीच्या आगंमागं हुकूम आला आणि एका रात्रीत सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक बदललं. पंचेचाळीसात लढाई संपल्यावर पुन्हा मागं घेतलं. म्हणजे तुमचा भोंगा अकराचा असला, तरी उन्हाच्या हिशेबानं तेव्हा दहाच झाले होते.

हे सांगून तो जोतीरामकडं बघून हसला. कारण एवढ्या माणसांत ते ठाऊक असणारा दुसरा तोच होता.

जोतीरामला सगळं आठवलं. टाइम ऑफिसचा हेडक्लार्क खुर्चीवर चढून काटा फिरवत होता, हे आठवलं. पाळीवाले अंधारात धडपडत यायचे आणि लढाईचा टाइम म्हणून त्याला शिव्या घालायचे, म्हणायचे, जोत्या, झोप तरी पुरी होऊ दे की लेका. एक-दोन महिने शिव्या खाल्ल्या, मग माणसं विसरली. तोही विसरला. काटा अकरावर आला की अकरा. काट्याच्या मागं कोण आहे, हे बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

त्याला नाही म्हणता आलं असतं. आमच्या गिरणीत तसं काही नव्हतं, एवढं तो बोलला असता तर ईश्वरमामानं पत्रिका ताटात ठेवली असती आणि सुपारी फुटली असती. खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती. शालन नारळ धरून उभी होती. पण वेळेच्या बाबतीत तो जन्मात खोटं बोलला नव्हता, आणि तोंड उघडलं तेव्हा सवयीनं खरंच बाहेर आलं.

"व्हय," जोतीराम म्हणाला. "हुतं फुडं."

सगळे तसेच उठून महिपती जोश्यांकडं गेले. बुवा आता ऐंशीच्या घरात होते, डोळ्यांत मोतीबिंदू होता. भिंग घेऊन त्यांनी आपलंच अक्षर वाचलं. मग जुनी पंचांगं काढायला लावली, पाटीवर आकडे मांडले. आपण त्या वेळी एक तास वजा करायला हवा होता, हे बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. लढाईतल्या बाकी साऱ्या घड्याळी वेळा आपण तास वजा करूनच मांडल्या होत्या, गावंढ्या माणसांच्या वेळा तर उन्हावरूनच ताडून घेतल्या होत्या. पण हा स्वतःच्या हातची वेळ घेऊन आला, ती इतकी पक्की होती की तिच्यावर हिशेब करायचं सुचलंच नाही.

मग त्यांनी नवी घरं मांडली. सिंह लग्न सरून कर्क आलं. मंगळ एक घर पुढं सरकला.

"नववं," जोशीबुवा म्हणाले. "भाग्यस्थान. मुलीला मंगळ नाही. कधी नव्हताच."

गोजरबाईनं दोन्ही हात जोडले. एकतीस वर्षं छातीवर ठेवलेला पाटा कुणी उचलून घ्यावा तसा तिनं श्वास सोडला. ती रडत होती आणि हसत होती, बाजूला बसलेल्या नागूबाईचा हात धरून म्हणत होती, इहीणबाई, माजी लेक चांगली हाय वो, माजी लेक चांगली हाय.

नागूबाईनं तो हात सोडवला नाही. उलट त्यावर आपला दुसरा हात ठेवला. ती म्हणाली, "लेक तुमची चांगली हाय. पर माज्या पोराला हाय की मंगळ."

तेव्हा गोजरबाईला कळलं. जोतीरामला ते वाटेतच कळून चुकलं होतं.

ईश्वरमामा चाचरला. म्हणाला, आपण उगाच बोललो, जिभेला हाड नाही आपल्या, हे सगळं खरंच असतंय असं कुणी सांगितलंय. पण बहिणीनं त्याला हातानंच थांबवलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पहिली सून आमच्या अंगणात तुळशीला पाणी घालताना खाली बसली ती उठली नाही, असं ती म्हणाली. तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक असून दुसऱ्याची लेक घरात नेऊन मारू का?

शालन उंबऱ्यापाशी उभी होती. ती पुढं आली आणि जोशीबुवांच्या समोर बसली. नवी पत्रिका तिनं उलटी केली.

"जोशीकाका, जुनीच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमचा खरा तास तुमच्या पंचांगात असेल. मी दुसऱ्याच तासात जगले. मंगळाची म्हणून वाढले, मंगळाची म्हणून माघारी धाडली गेले, मंगळाची म्हणून एकतीस वर्षं काढली. जे सोसायचं ते सगळं सोसून झालं, आणि आता मंगळ नाही म्हणता? तो माझा आहे. माझ्याकडं राहू द्या."

जोशीबुवा भिंग पुसत राहिले. नागूबाई उठली, शालनच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाई, या कानानं ऐकलंय मी. आता कसं इसरू?"

जालिंदर सगळा वेळ आपल्या हाताच्या पेरांकडं बघत होता. निघताना त्यानं एकदा मान वर केली. शालनला वाटलं हा काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "येतो मग." आणि आईच्या मागं गेला.

मार्गशीर्षात त्यानं माढ्याची मुलगी केली. मंगळाची होती, कळलं.

त्याआधी त्या साली भाद्रपद दोन आले. अधिक महिना, धोंड्याचा महिना. चाळीत घरोघरी जावई आले, पुरणाचे धोंडे तळले गेले, आणि गोजरबाईचा तवा मात्र भाकरीचाच राहिला. ती जोतीरामला म्हणाली, वरचा अख्खा महिना पंचांगात आणून घालतात, तो साऱ्या जगाला पचतो, गोडधोड करून पचवतात. आमाला एक तास पचला न्हाय. हल्ली जोतीराम फारसं बोलत नव्हता. भोंगा झाला की घरातून उठून कुठंतरी निघून जायचा, आणि भोंगा तर दिवसातून सहा वेळा व्हायचा.

तरी त्यानं एक केलं. नव्या पत्रिकेच्या नकला करून घेतल्या आणि जिथं जिथं नकार आला होता तिथल्या ओळखीपाळखीत वाटून आला. मुलीला मंगळ नाही, चूक झाली होती, चूक माझी होती, असं प्रत्येक ओसरीवर बसून सांगत फिरला. अकलूजलाही गेला. त्या कारकुनाच्या चुलत्यानं ऐकून घेतलं, चहा दिला. कारकुनाची तीन पोरं अंगणात खेळत होती, थोरली मुलगी परकर नेसलेली.

पत्रिका सगळ्यांना आवडायची. भाग्यात मंगळ, वा, असं म्हणायचे. मग विचारायचे, मुलीचं साल कोणतं. आता तास कुणी विचारत नव्हतं, साल विचारत होते. जोतीराम त्रेचाळीस म्हणाला की पत्रिकेची घडी घातली जायची.

पौषात एका संध्याकाळी तो शालनपाशी येऊन बसला. ती मुलांच्या वह्या तपासत होती. पंढरपूरकडचं एक चांगलं स्थळ कळलंय, शेतकी खात्यात आहे, छत्तीसचा आहे, पण त्यांना तिशीच्या आतली पाहिजे. बराच वेळ तो धोतराचा सोगा बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, सत्तेचाळीस सांगू या का. चार वर्षांनी कुणाचं काय बिघडतंय. तू दिसतीस बी ल्हान. शाळेचा दाखला कोण बघाय येतंय.

शालनला आधी खरंच वाटेना की हे आप्पा बोलतायत. तिनं पेन्सिल खाली ठेवली. ज्या माणसाला सुपारीच्या ताटासमोर एक तास लपवता आला नव्हता, तो आता चार वर्षं लपवायला निघाला होता, आणि त्याची मान खाली गेली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "एक तास चुकला, त्याला एकतीस वर्षं लागली. चार वर्षं चुकवली, तर मी कितीदा जन्माला येऊ?"

जोतीराम बसून राहिला, बापाच्या जागी कुणी परका म्हातारा येऊन बसावा तसा. शालनला त्याची दया आली आणि आली तशी ती तिनं मागं सारली, कारण दया केली असती तर तिला हो म्हणावं लागलं असतं.

तिनं वही ओढली, कोरा कागद फाडला आणि पंढरपूरच्या माणसाला स्वतःच पत्र लिहिलं. आपलं नाव, नोकरी, शिक्षण. जन्म आठ जून एकोणीसशे त्रेचाळीस, असं अक्षरी लिहिलं. त्यापुढं 'वेळ' असं लिहून तिथं आडवी रेघ ओढली. पाकिटावर पत्ता घातला आणि बापाच्या हातात दिलं.

"टाकून या," ती म्हणाली.

तो उठला, चपला घातल्या, आणि पत्र दोन्ही हातांनी धरून पोस्टाच्या पेटीपर्यंत गेला. त्या पत्राचं उत्तर आलं नाही. शालननंही पुन्हा कुणाला लिहिलं नाही, आणि जोतीरामनंही पुन्हा कुठलं स्थळ काढलं नाही.